सरळ ठेवलेली खुर्ची

१

माझी खोली काढून घेतली त्या दिवशी मी कोणाशीच भांडले नाही. मी भांडणार यावर निम्म्या ऑफिसने पैज लावली होती म्हणे, आणि ते सगळे हरले.

खोली तशी लहानच होती. पण तिला स्वतःचं दार होतं, ते थेट जिन्यावर उघडायचं, आणि एक खिडकी होती. साहेब म्हणाले, "आता सगळे एकत्र बसणार. मध्ये भिंती नकोत. सगळं कसं सुरळीत." दर वाक्याला सुरळीत म्हणायची त्यांना खोड आहे, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना सुरळीतच म्हणतो. भिंती नकोत म्हणणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या केबिनला मात्र हात लावला नाही. माझी खोली मीटिंगसाठी राखून ठेवली. तिथे आजतागायत एकही मीटिंग झालेली नाही.

मला मिळाला हॉलच्या अगदी टोकाचा कप्पा. तीन बाजूंनी करड्या कापडाच्या, खांद्याएवढ्या उंच भिंती. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक फोन आणि सुरळीतने स्वस्तात आणलेली चार पायांची साधी खुर्ची. भिंतीच्या कापडावर जुन्या टाचण्यांची भोकं होती, ओळीने.

"इथे आधी कोण बसायचं?" शेजारच्या कप्प्यातल्या बाईला मी विचारलं. तिला सगळे टापटीप म्हणतात. तिच्या टेबलावर पेन्सिलसुद्धा वाकडी पडलेली दिसत नाही.

"बसायचं कुणीतरी," ती म्हणाली आणि कामाला लागली.

माझं काम सांगते, म्हणजे माझ्या रागाची कल्पना येईल. आमच्याकडे गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर घेतात. ऑफिसातला प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होतो. मी दिवसभर हेडफोन लावून ते ऐकते, आणि बोलणारी मुलगी गिऱ्हाइकाशी किती गोड बोलली त्याचे दहापैकी मार्क देते. जिच्या नाकावर सदा राग, तिला लोकांच्या गोडव्याची परीक्षक नेमलंय, यावर माझा नवरा अजून हसतो.

पहिल्या संध्याकाळी सुटायच्या वेळी सगळा हॉल उठला, आणि प्रत्येकाने आपापली खुर्ची उचलून टेबलावर उलटी ठेवली. बघता बघता हॉलभर नुसते खुर्च्यांचे पाय दिसायला लागले. माझी खोली वेगळी, दार वेगळं, त्यामुळे हा प्रकार मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता.

"हे कशासाठी?"

"फरशी पुसायला सोपं जातं," टापटीप म्हणाली. "तूही ठेव गं."

मी खाली पाहिलं. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाजम चिकटवलेलं आहे. त्याच्यावर कोण फडकं मारणार होतं?

"बघू उद्या," मी म्हणाले, आणि खुर्ची तशीच ठेवून निघाले.

२

लोक हौसेने सजावट करतात. मी चिडून केली.

खोली घेतलीत ना? मग आता असा कप्पा करून दाखवते की येणाऱ्या-जाणाऱ्याची मान वळली पाहिजे. करड्या भिंतींवर मोहरीच्या फुलासारखं पिवळं जाडसर कापड ताणून लावलं, त्याच जुन्या भोकांत टाचण्या खुपसून. छताच्या ट्यूबलाइटचा पांढरा उजेड माझ्या डोळ्यांत खुपायचा, म्हणून पिवळ्या बल्बचा, कापडी टोपीचा दिवा आणला. पायाखाली छोटा लोकरी गालिचा. उन्हावाचून जगणारं एक रोप. खुर्चीवर बसायला एक उशी, पाठीला एक. टेबलावर लेकीचा फोटो, समोरचा दात पडला होता तेव्हाचा. आणि खुर्चीच्या पाठीवर आईची तांबडी शाल. आई गेल्यावर तिच्या कपाटातली एवढी एकच वस्तू मी मागून घेतली होती, म्हणजे मोठ्या बहिणीशी भांडून घेतली होती.

खरं सांगते, छान झालं. दिवा लावून, शाल ओढून, चपला काढून गालिच्यावर पाय ठेवले की वाटायचं, जगात आपली एक जागा आहे आणि तिथून आपल्याला कुणाचा बाप उठवू शकत नाही. लोक मुद्दाम पाणी प्यायला लांबच्या वाटेने जायला लागले. माझ्या जिवाला थंडावा मिळाला. टापटीप रोज निघताना 'खुर्ची उलटी ठेव गं' म्हणायची, तेवढं मी कानाआड करायचे.

सुरळीतही आले. फोटो पाहिला, दिवा पाहिला. "छान. अगदी घरच केलंत," म्हणाले. मग आवाज उतरवून, "फक्त जाताना खुर्ची तेवढी उलटी ठेवत जा."

"का?"

"असंच. सगळे ठेवतात. सुरळीत असतं."

"दोन उशा, एक शाल रोज काढू आणि रोज लावू? हमालीचे वेगळे पैसे देता का?"

ते हसले नाहीत. खुर्चीकडे बघत उभे राहिले आणि निघून गेले. मला वाटलं, जिंकले.

३

मी सकाळी सगळ्यांच्या आधी येते. वॉचमन कुलूप काढतो, मी आत शिरते, आणि रांगेने उलट्या खुर्च्यांमधून माझ्या टोकाकडे जाते.

एका सकाळी बसले आणि उशी कोमट लागली.

कुणी बसून नुकतंच उठलं तर लागते तशी. मी उठले, हात लावून पाहिला, पुन्हा बसले. वाटलं, आपलंच अंग तापलं असेल. दुसऱ्या दिवशी बसण्याआधी हात लावला. कोमट. दिव्याच्या बल्बला बोट लावलं आणि चटका बसला.

बरं, हे जे कोणी होतं ते माझ्यापेक्षा नीटनेटकं होतं. मी शाल फेकून जाते, ती सकाळी चार घड्या घालून ठेवलेली असायची. रोपाला मी पाणी द्यायला विसरायचे, त्याची माती ओली असायची. मी कसाही ठेवलेला लेकीचा फोटो खुर्चीकडे तोंड करून असायचा, बसल्या जागी नीट दिसेल असा.

माझं डोकं फिरलं. मी स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या हातांनी एक जागा केली आणि तिच्यात रात्री कुणी फुकट लोळतंय? तडक वॉचमनला गाठलं.

"माझ्या खुर्चीत बसून झोपा काढता ना तुम्ही?"

"मी?" तो बिचारा दोन पावलं मागे सरला. "बाई, कुलूप लावलं की मी आत पाऊल टाकत नाही. कुणीच टाकत नाही."

"मग दिवा काय आपोआप लागतो?"

त्याने किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. मग त्याने विचारलं, "खुर्ची सरळ ठेवून जाता का तुम्ही?"

"हो! जाते! हजार वेळा जाईन!"

 दुसऱ्या दिवसापासून मी आल्यावर तो कुलूप काढायचा, पण दार मला ढकलायला लावायचा.

४

आता लेकीबद्दल सांगायला हवं, कारण बाकी सगळं गेलं असतं तरी चाललं असतं.

ती सातवीत आहे. पूर्वी शाळेतून आली की माझ्या मागे मागे फिरत बडबडायची. मग कधीतरी बंद झाली. काय झालं विचारलं की "काही नाही." मी चिडायचे. काही नाही कसं, तोंडाला कुलूप का, मी काय परकी आहे का? मी जितकी चिडायचे तितकं ते कुलूप घट्ट व्हायचं. मला कळत नव्हतं असं नाही, पण कळणं आणि जिभेला आवरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका संध्याकाळी मी घरी पोचले तर ती दारातच उभी. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ.

"आई, आज तू फोनवर किती छान बोललीस गं."

"कधी?"

"आत्ता मघाशी. ऑफिसातून."

मघाशी मी बसमध्ये दांडीला लटकत होते. घरी तिच्यासाठी एक मोबाइल ठेवलाय, तो हिसकावून पाहिला. 'आईचं ऑफिस'. माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर. आज, काल, परवा. त्याच्या आधीही. रोज मी निघाल्यानंतर.

"कोणाशी बोलत होतीस? कोण आहे ती? काय सांगितलंस तिला?" मी ओरडले.

लेकीचा चेहरा मिटला. ती भिंतीला टेकली आणि हळूच म्हणाली, "बघ. फोनवर तू वेगळी असतेस. घरी आलीस की अशी होतेस."

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. नवरा म्हणाला, ऑफिसात कुणीतरी चेष्टा करत असेल. मलाही तेच वाटत होतं, आणि कोण करत असेल तेही मी ठरवून टाकलं होतं.

५

"माझी नक्कल करतेस?" सकाळी मी टापटीपच्या टेबलावर हात आपटला. तिच्या पेन्सिली उडाल्या. "माझ्या मुलीला फोन करतेस?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पांढरीफटक पडली.

"फोनपर्यंत आलं का?" एवढंच म्हणाली, आणि एकेक पेन्सिल सरळ करायला लागली. 

मी कप्प्यात आले. दिवा लावायची गरज नव्हती, तो लागलेलाच होता. आणि मग मला सुचलं की ऑफिसातला प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो. माझाही. हे ऐकणं तर माझं रोजचं काम होतं.

हेडफोन लावले. कालच्या संध्याकाळचा फोन शोधला.

आधी लेकीचा आवाज. ती रडत होती. तिची मैत्रीण, जिच्याशिवाय ही घास गिळायची नाही, ती दुसऱ्या मुलींत गेली होती. डबा खायला हिला कुणी सोबत घेत नव्हतं. ही रोज मधल्या सुट्टीत हात धुवायच्या नळापाशी उभी राहायची, सुट्टी संपेपर्यंत हात धूत. किती दिवस चाललं होतं हे! आणि मला माहीत नव्हतं.

मग दुसरा आवाज आला, आणि तो माझा होता. नक्कल नव्हती. बोलताना मध्येच मी घसा साफ करते, तेसुद्धा होतं. फक्त त्यात राग नव्हता. कुठेच नव्हता. "मग गं राणी? मग काय झालं? रड, रड तू. मला कुठे जायचंय?" मी लेकीला आयुष्यात कधी राणी म्हटलेलं नाही.

ऐकता ऐकता सवयीने माझा हात मार्कांच्या चौकटीवर गेला. मी दहापैकी दहा दिले. देऊन झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

लेकीने फोन ठेवल्याचा आवाज आला. रेकॉर्डिंग तिथे संपायला हवं होतं. ते चालूच राहिलं. शालीची सळसळ, खुर्चीची करकर. मग तोच आवाज, पण आता तोंड अगदी फोनला लावून, कुजबुजत.

"ऐकलंस? एवढंच तर हवं असतं तिला."

भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, आधी वाटला तो संताप. तळपायाची आग मस्तकात गेली. मला शिकवतेस? माझ्या खुर्चीत बसून, माझ्या आईची शाल पांघरून, माझ्या पोरीचं मला शिकवतेस? मी फोनची वायर ओरबाडून काढली, गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. कर आता फोन.

६

संध्याकाळी घरी आले तर नवरा ओट्यापाशी उभा होता. डोळे ओले.

"आत्ता फोनवर माफी कशाला मागत होतीस एवढी?" तो म्हणाला. "मला तुझा राग कधीच नव्हता. पण बरं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा माफी मागितलीस."

मी पर्स उघडून वायर टेबलावर ठेवली.  तो वायरकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. नवऱ्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. दारात उभ्या अनोळखी बाईला कोण हवंय विचारण्याआधी आपण बघतो, तसं.

दुसऱ्या दिवशी सुटायच्या वेळी सगळ्यांनी खुर्च्या उचलल्या, तेव्हा मीही उठले. हट्ट गेला खड्ड्यात. उशा काढल्या, शाल बाजूला ठेवली, खुर्चीला दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं.

ती हलली नाही.

पुन्हा जोर लावला. साधी, हलकी खुर्ची, एका हाताने सरकवायची मी ती. पाय गालिच्यात रुतले होते आणि लाकूड दाबाखाली बारीक करकरत होतं. मी दातओठ खाऊन ओढत होते, शिव्या देत होते, घाम फुटला होता. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सगळे पाठ करून, खाली मान घालून दाराकडे निघाले होते.

"आता नाही उचलायची ती," भिंतीपलीकडून टापटीप म्हणाली. "तू जा घरी. मागे वळू नकोस. आणि तिच्याशी बोलू नकोस, काही झालं तरी."

"आधी का नाही सांगितलंस?"

"रोज सांगत होते की गं," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज चिडका झाला. "रोज!"

मी निघाले. बसस्टॉपपर्यंत गेले. आणि तिथे आठवलं की शाल आतच राहिली. बाकी सगळं लखलाभ होवो तिला, पण शाल नाही. शाल माझ्या आईची आहे. मी तशीच मागे फिरले. बाहेर अजून चांगला उजेड होता. वॉचमन कुलूप लावतच होता, त्याला ढकलून मी आत गेले.

हॉलमध्ये दिवे नव्हते. उलट्या खुर्च्यांच्या पायांच्या रांगा, आणि त्यांच्या पार टोकाला मोहरीच्या रंगाच्या कापडावर पडलेला पिवळा उजेड. लांबून ती जागा इतकी ऊबदार दिसत होती, की क्षणभर मला वाटलं, बरं झालं, घरी आले.

कप्प्याच्या उघड्या बाजूने डोक्याचा मागचा भाग दिसत होता. खांद्यांवर तांबडी शाल. कानाला फोन, जो कशालाच जोडलेला नव्हता.

"हो गं राणी," माझा आवाज म्हणत होता. "निघाली ती इथून. येईलच आता. घाबरायचं नाही. मी सांगितलंय ना काय करायचं? बाबांनाही सांग. शहाणी माझी."

मी हाक मारणार होते. शिवी अगदी जिभेवर आली होती. माझ्याकडून आवाज झाला असेल, कारण ते डोकं थांबलं. वळलं मात्र नाही. शालीतून एक हात बाहेर आला, त्या हातात माझी अंगठी होती, आणि त्याने सावकाश दिवा बंद केला. नको असलेलं माणूस दारात आलं की आपण घरातला दिवा मालवून गप्प बसतो, तसा.

मी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं नाही. अजूनही पाहिलेलं नाही.

७

घराचं दार उघडंच होतं. जिना धावत चढल्यामुळे मला धाप लागली होती.

आत नवरा आणि लेक जेवायला बसले होते. आमचं टेबल लहान आहे, तीन खुर्च्यांचं. दोघे दोन खुर्च्यांवर होते. तिसरी, माझी, टेबलावर उलटी ठेवलेली होती. पाय वर.

"हे काय आहे?" मी विचारलं.

कुणी मान वर केली नाही. लेकीने घास तोंडात घातला, पण चावला नाही. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"मी विचारतेय, हे काय आहे! ती खुर्ची खाली घ्या!"

"बोलू नकोस तिच्याशी," नवरा हलक्या आवाजात लेकीला म्हणाला. ताटातली नजर त्याने काढली नाही. "आईने सांगितलंय ना? खुर्ची उलटी असली की ती बसत नाही. थोडा वेळ उभी राहील आणि जाईल."

मी ओरडले. जीव तोडून ओरडले, मी तुझी आई आहे गं, मला ठाऊक आहे ते नळाचं, हात धुवायचं, मी उद्या येते शाळेत, बघते एकेकीला. लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी जितकी ओरडत होते तितकी ती बापाला चिकटत होती. मला दिसत होतं. दिसत होतं आणि थांबता येत नव्हतं.

मी माझी खुर्ची धरली आणि खाली उतरवायला गेले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. लेकीने कानांवरचे हात काढले, डोळे पुसले आणि पळत जाऊन तो उचलला.

"आई," ती म्हणाली, "ती अजून इथेच उभी आहे. तू ये ना लवकर."